उद्यमनगरातील गॅरेज आणि १९६६ ची मस्टँग

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील ज्या छोट्या गॅरेजमध्ये मी माझ्या १९६६ च्या फोर्ड मस्टँगचे बाहेरील ट्रिम (शोभेच्या धातूच्या पट्ट्या आणि तत्सम भाग) बसवून घेतले, तेथील मिस्त्रींनी हत्यार हाती घेण्याआधी प्रत्येक सुट्या भागाची ओळख पटवली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जीटी ही खास आवृत्ती वगळता १९६६ च्या गाडीवर मागील चाकापुढे तीन बोटांसारखी शोभेची पट्टी असते आणि घोड्याच्या चिन्हाभोवतीच्या चौकटीला जोडणाऱ्या आडव्या-उभ्या दांड्या १९६५ च्या ग्रिलच्या (गाडीच्या पुढच्या जाळीच्या) असतात, हे दाखवून त्यांनी पुरवठादाराने पाठवलेले चुकीचे ग्रिल परत करायला लावले. समोरच्या काचेभोवतीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या क्लिपांवर बसतात. ठोकाठोक न करता त्यांनी आधी खोबणीतील गंज काढला आणि प्रायमर दिला. मजुरी वाजवी आहे, वेळ मात्र बराच लागतो, कारण सांधे जुळल्याशिवाय ते क्लिप दाबतच नाहीत.