बांधलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड : काही महिने वापरल्यावर

पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी टाकून बांधलेल्या बोटीच्या मागे लावायच्या या दोन सिलिंडरच्या इंजिनाच्या ताकदीबद्दल तक्रार नाही. पण काम किती नीट झालंय ते आयडलिंगलाच (थ्रॉटल न देता इंजिन हळू चालतं तेव्हा) कळतं. फुल थ्रॉटलला जाणवतही नाही अशी गळती ७००-८०० आरपीएमला इंजिन बंद पाडते.

रनिंग-इन (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंतचा सुरुवातीचा वापर) संपेपर्यंत आयडलिंगच्या मागे लागू नका. तेव्हा पेट्रोलमध्ये तेल २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली असेल, तर प्लग ओले होणारच. ५०:१ वर (लिटरला २० मिली) आल्यावर नवे प्लग टाका, मग तपासा.

आधी एकेका प्लगची वायर काढून अर्थ करा, म्हणजे इंजिनाच्या धातूला टेकवा. मोकळी सोडली तर सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाण्याची भीती. जी काढूनही आरपीएम पडत नाही, तो सिलिंडर झोपलाय. मग ठिणगी बघा आणि कॉम्प्रेशन मोजा. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको.

हे सगळं ठीक निघालं की बहुतेक जण कार्ब्युरेटरला स्क्रूड्रायव्हर लावतात. घाई करू नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप आहे, आणि प्रत्येक सिलिंडरचा कप्पा वेगळा. त्यात बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा ठसका येतो. फक्त वरचा सिलिंडर बिघडला असेल तर वरच्या क्रँक सीलचा (क्रँकशाफ्टच्या टोकाशी हवा अडवणाऱ्या सीलचा) संशय घ्या. फ्लायव्हीलखाली ओशट दिसलं की बहुधा तेच. खालचा बिघडला तर खालचं सील. पॅकिंगच्या कडेला ब्रशने टू-स्ट्रोक तेल लावा. आवाज सुधारला तर गळती तिथेच. रीडच्या (क्रँककेसमध्ये मिश्रण घेणाऱ्या झडपेच्या) पट्ट्या उजेडासमोर धरा, टोकाचा बारीकसा टवकाही पुरतो.

त्यानंतर पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं आयडलिंगचं बारीक भोक. तारेनं खरवडलं तर भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत वापरा. आयडलिंगच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं टेकवून साधारण दीड फेरा बाहेर काढा. काही मॉडेलांत हा स्क्रू हवेऐवजी पेट्रोल सोडतो, म्हणजे दिशा उलटी, तेव्हा मॅन्युअल बघाच. शेवटचं सेटिंग इंजिन गरम असताना, बोट पाण्यात नीट बांधून, गिअर टाकून करा. फ्लशिंगच्या कपांवर (जमिनीवर इंजिनाला नळाचं पाणी देणाऱ्या) केलेलं सेटिंग पाण्यात टिकत नाही, कारण तिथे एक्झॉस्टला पाण्याचा दाब असतो.

प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या होजवरचा हातानं दाबायचा रबरी फुगा) दाबल्यावर आयडलिंग सुधरलं तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम किंवा होजचे जोड बघा.

इंजिन बांधायला देताना दोन्ही क्रँक सील नवी टाकायला सांगा. खालचं नंतर बदलायचं तर पॉवरहेड (वरचं मुख्य इंजिन) पुन्हा उतरवावं लागतं.