क्वेटियापीन आणि सकाळची गुंगी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मला बायपोलर डिसऑर्डर आहे, म्हणजे मन कधी खोल नैराश्यात जातं, तर कधी प्रमाणाबाहेर उसळतं (मेनिया). त्यासाठी मी रोज रात्री क्वेटियापीनची ३०० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी (एक्सटेंडेड रिलीज) गोळी घेते. आता बरेच महिने झाले. गोळीने तिचं काम चोख केलं. लांबत चाललेलं नैराश्य ओसरलं, रात्री झोप लागू लागली, दिवसभर मनाला लागून राहिलेली ती टोचणी थांबली. तरी हे सगळं लिहायला बसले ते सकाळसाठी. गोळीबद्दल कुठेही वाचा, 'झोप येऊ शकते' या तीन शब्दांत विषय आटोपलेला असतो. ज्याला साडेसहाला उठून कामाला लागायचं आहे, त्याचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

आधी ही गुंगी असते कशी ते सांगते, कारण ती न अनुभवलेल्या माणसाला ती साधी पेंग वाटते. पेंग तोंडावर पाणी मारलं की जाते. ही जात नाही. अलार्म ऐकू येतो, तो कशासाठी लावला आहे तेही आठवतं, पण उठायचं ठरवणं आणि प्रत्यक्ष उठणं यांच्यामध्ये ओली घोंगडी अंगावर पडल्यासारखं काहीतरी असतं. तोंड कोरडं, जीभ जड. कुणी काही विचारलं तर प्रश्न कळतो, उत्तर मात्र उशिरा सापडतं. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. सुरुवातीच्या काळात माझं डोकं मोकळं व्हायला दहा-साडेदहा वाजायचे.

यात आळसाचा काडीचाही संबंध नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि त्याच्या जोरावर आपण जागे राहतो. क्वेटियापीन या हिस्टामिनचे एच-१ रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या त्याला पकडणाऱ्या जागा, अडवून ठेवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती याच कारणाने. मिर्टाझापीन, ओलान्झापीन, अमिट्रिप्टिलीन या मनाच्या आजारांवरच्या इतर औषधांची गुंगीही बरीचशी याच वाटेने येते. म्हणजे सकाळी सहाला तुमच्या जागेपणाची यंत्रणाच बंद ठेवलेली असते. तिला इच्छाशक्तीने कसं चालू करणार? हे मला समजलं त्या दिवसापासून मी स्वतःशी भांडणं सोडलं आणि घड्याळाकडे बघायला लागले.

आणि सगळ्यात मोठा फरक घड्याळानेच पडला. या अनुभवातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: गोळीची वेळ झोपायच्या वेळेवरून ठरवू नका, उठायच्या वेळेवरून मागे मोजत या.

माझ्या चिठ्ठीवर 'रात्री झोपताना' असं होतं, म्हणून मी अकराला घेत होते. साधी क्वेटियापीन पोटात गेल्यावर सुमारे दीड तासात रक्तात सर्वाधिक पातळीला पोहोचते. एक्सटेंडेड रिलीज गोळीला त्यासाठी साधारण सहा तास लागतात. आता हिशेब करा. अकराला घेतलेली गोळी पहाटे पाचला शिखरावर, आणि माझा अलार्म साडेसहाचा! औषधाचा जोर सर्वात जास्त असतानाच मी उठायची धडपड करत होते. शिवाय शिखर आलं म्हणजे औषध संपलं असंही नाही. क्वेटियापीनचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे ७ तास असतो. शरीरात तिच्यापासून तयार होणारं नॉरक्वेटियापीन त्याहून जास्त, जवळपास १२ तास टिकतं.

डॉक्टरांपुढे मी हा हिशेब मांडला. त्यांनी वेळ आधी नऊवर आणि मग आठवर आणली. डोस तोच, गोळी तीच. पहिल्या आठवड्यात फारसं काही जाणवलं नाही. त्यानंतर मात्र सकाळ हळूहळू सुटत गेली आणि डोकं मोकळं होण्याची वेळ आठच्या आसपास आली. याचीही किंमत आहे, ती लपवत नाही. दहा वाजता डोळे मिटायला लागतात. रात्री उशिराची गप्पागोष्टींची वेळ माझ्या आयुष्यातून जवळजवळ गेली. आठनंतर मी गाडी चालवत नाही आणि महत्त्वाचं कुठलंही काम हातात घेत नाही. मला हा सौदा परवडतो. ज्यांची नोकरी दुपारपाळीची आहे त्यांचं गणित वेगळं असेल, पण मोजायची पद्धत तीच.

वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे मी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. साधी गोळी लवकर घेतली तर ती लवकरच अंगावर येते, आणि जिना उतरताना किंवा गॅसपाशी उभं असताना ती चढली तर अपघात व्हायचा. आणि एक्सटेंडेड रिलीज गोळी तोडून, चावून किंवा कुटून अजिबात घेऊ नये. सावकाश सुटायला बनवलेलं औषध मग एकदम सुटतं.

डॉक्टरांशी बोलताना 'सकाळी फार झोप येते' एवढंच सांगितलं की बहुतेकदा 'होईल सवय' असं उत्तर मिळतं. ते अगदीच चूक नाही. क्वेटियापीनची गुंगी बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त असते आणि पुढे पुष्कळांची कमी होते. पण कमी झाली की नाही हे कळणार कसं? मी वहीत रोज चार वेळांची नोंद करायला लागले: गोळी किती वाजता घेतली, झोप कधी लागली, डोळे कधी उघडले, आणि डोकं खरोखर मोकळं कधी झालं. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. डोळे उघडणं आणि डोकं मोकळं होणं यांत माझ्या बाबतीत तासन्‌तासांचं अंतर होतं, आणि ते कागदावर दिसल्यावर डॉक्टरांचा सूरच बदलला. वही हातात असेल तर भेटीच्या दहा मिनिटांत नेमकं बोलता येतं.

त्या वहीतूनच जेवणाचा संबंध लक्षात आला. एक्सटेंडेड रिलीज क्वेटियापीन भरपूर तेलातुपाच्या जेवणासोबत घेतली तर रक्तातलं शिखर जवळपास निम्म्याने उंच जातं. म्हणून ती रिकाम्या पोटी किंवा अगदी हलकं खाऊन घ्यायला सांगतात. मी जेवण आणि गोळी यांच्यात अंतर ठेवते. समारंभात जड जेवण झालं की दुसरी सकाळ अजूनही जड जाते.

आता उठल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: त्या तासात एकही निर्णय घ्यायचा नाही. काय घालायचं, काय खायचं, आधी कोणतं काम, हे सगळं आदल्या संध्याकाळी ठरलेलं असावं. कपडे काढून ठेवलेले, बॅग भरलेली, पाण्याची बाटली उशाशी. गुंगीत हातपाय चालतात, निवड करणारं डोकं चालत नाही. त्यामुळे ठरलेल्या गोष्टी ठरलेल्या क्रमाने करत गेलं की पाऊणएक तास निभावतो. अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. स्नूझचं बटण मी कायमचं बंद केलं, कारण त्या दहा-दहा मिनिटांच्या तुटक झोपेने डोकं आणखी जड होतं.

अलार्म वाजला म्हणून झटकन उठून मात्र धावू नका. क्वेटियापीन रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ रिसेप्टरही अडवते, त्यामुळे एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, पाणी प्यायचं, मगच उभं राहायचं. वयस्कर माणसांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष सांभाळायला हवं. गुंगीत पडून हाड मोडणं ही खरी भीती आहे.

उजेडाचा उपयोग मला कॉफीपेक्षा जास्त झाला. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि डोळ्यांतून तो मेंदूच्या दिवस-रात्र मोजणाऱ्या घड्याळापर्यंत थेट पोहोचतो. उठल्याबरोबर पडदे उघडते आणि थोडा वेळ बाहेर उभी राहते किंवा चालते. १०,००० लक्सचे (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खास दिवेही मिळतात, पण बायपोलर असणाऱ्यांनी ते परस्पर वापरू नयेत. तीव्र प्रकाशाने काही जणांचं मन उसळून मेनियाकडे झुकू शकतं.

कॉफी घेते, पण तिच्याकडून मोठी अपेक्षा ठेवत नाही. कॅफीन अडवतं ॲडेनोसिनला, म्हणजे झोप आणणाऱ्या दुसऱ्याच एका रसायनाला. हिस्टामिनचं दार क्वेटियापीनने बंद केलेलं असतं, ते कॅफीनने उघडत नाही. एक कप बरा वाटतो, तिसऱ्या कपाने हात थरथरतात आणि डोकं होतं तिथेच राहतं. कॅफीनचं हाफ-लाइफ साधारण ५ तासांचं असतं, म्हणून दुपारनंतर बंद. रात्रीची झोप तुटली की दुसऱ्या सकाळची गुंगी दुप्पट वाटते, आणि आमच्या आजारात तुटलेली झोप हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नसतो. फ्लुवॉक्सामीन हे नैराश्य-चिंतेवरचं औषध घेणाऱ्यांनी तर कॉफीबाबत डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. त्या औषधामुळे कॅफीन शरीरात खूप जास्त वेळ रेंगाळतं.

सकाळच्या गाडी चालवण्याबद्दल थोडं कडक लिहिते. 'आता मी जागी आहे' असं वाटणं पुरेसं नसतं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ साली स्त्रियांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. कारण हेच होतं की सकाळी रक्तात उरलेली पातळी गाडी चालवण्यात अडथळा आणण्याइतकी असू शकते, आणि माणसाला मात्र आपण पूर्ण जागे आहोत असं वाटत असतं. माझा चौथा रकाना भरल्याशिवाय मी किल्लीला हात लावत नाही. कामाच्या ठिकाणी वेळ अर्धा तास पुढे सरकवून मागितली आणि मिळाली. विचारायला धीर लागला, पण आजाराचं नाव घ्यावं लागलं नाही. 'रात्रीच्या औषधामुळे सकाळी गाडी चालवता येत नाही' एवढं पुरलं.

काही दिवस सगळं नीट चाललेलं असताना गुंगी अचानक परतली, तर आधी नवीन काय सुरू झालं ते बघा. सर्दी-ॲलर्जीची गोळी हे नेहमीचं कारण. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा केटोकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध क्वेटियापीनची पातळी बरीच वाढवतं. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी माझी यादी दाखवते. ओलान्झापीन घेणाऱ्याने सिगारेट सोडली तरी पातळी वाढते, कारण धुरामुळे ते औषध लवकर जिरत असतं. सिगारेट जरूर सोडा, फक्त डॉक्टरांना सांगून. दारू आणि ही गोळी एकत्र अजिबात नको. लिथियम हे बायपोलरवरचं दुसरं औषध चालू असताना गुंगीबरोबर हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं असं काही दिसलं, तर ती साधी सुस्ती समजू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लिथियमवर असणाऱ्यांची थायरॉईडची तपासणी वेळेवर व्हायला हवी, कारण थायरॉईड मंदावलं की तीही सुस्ती गोळीच्या नावावर खपते. आणि वजन वाढून मोठ्याने घोरणं सुरू झालं असेल तर स्लीप ॲप्नियाची शंका घ्या. रात्रभर श्वास अडकत असेल तर गोळीची वेळ कितीही बदला, सकाळ सुधारायची नाही.

एक गोष्ट ओळखायला मला फार वेळ लागला: गोळीची गुंगी आणि नैराश्याची सकाळ वेगळी असते. नैराश्यात मी पहाटेच जागी व्हायचे, डोळे टक्क उघडे, आणि दिवस नकोसा. गुंगीत दिवस नकोसा नसतो, फक्त दूर असतो. ती ठरावीक वेळाने उतरते, समोर कुणीही असलं तरी. नैराश्य घड्याळ इतकं नेमाने पाळत नाही. हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण पहिल्यावर उपाय वेळेचा किंवा डोसचा असतो, दुसऱ्यात डोस कमी करणं धोक्याचं ठरू शकतं.

घरच्यांसाठीही लिहिते. 'रात्री नऊ तास झोपूनही उठवत कसं नाही' हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं, तो एक दिवस गोळी गुपचूप सोडतो. क्वेटियापीन एकदम सोडली तर झोप उडते, मळमळते, आणि मग ज्यासाठी ती सुरू केली तो आजार परत येऊ शकतो. माझ्या बहिणीने मला उठवण्याऐवजी रोज ठरल्या वेळी पडदा उघडायला सुरुवात केली. एका शब्दानेही बोलली नाही कधी. त्याचा मला जो आधार वाटला तो कुठल्याही सल्ल्याने वाटला नसता.

आजची स्थिती अशी: बहुतेक सकाळी आठला मी पूर्ण जागी असते. पाळीच्या आधीचे दिवस आणि प्रवासानंतरच्या सकाळी अजून जड जातात. वजन वाढलं आहे, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी ठरल्या वेळी करून घेते, कारण या गोळीवर ती करायलाच हवी. मन स्थिर आहे. पुढच्या भेटीत डोस थोडा खाली आणता येईल का हे विचारणार आहे, आणि गेल्या सगळ्या महिन्यांची वही सोबत नेणार आहे. डॉक्टर अजून नको म्हणाले तर याच डोसवर, आठच्या वेळेवर, मी राहायला तयार आहे.