रात्रपाळीनंतरच्या झोपेसाठी उजेड अडवणारे पडदे

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आठच्या सुमारास भोसरीला घरी पोहोचणाऱ्या मला पूर्वेकडची खिडकी वैरीण वाटू लागली होती; कारण डोळ्यांवर पडणारा उजेड मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचे स्रवणे रोखतो आणि शरीराचे घड्याळ दिवस उजाडल्याची नोंद करते. म्हणून लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानातून तीन थरांच्या कापडाचे पडदे शिवून घेतले. कापड दाट आहे, शिलाईही चोख आहे. मात्र दुकानदाराने माप खिडकीच्या चौकटीइतकेच घेतल्यामुळे दोन्ही कडांनी उन्हाची तिरीप आत येत राहिली. पडदा चौकटीबाहेर प्रत्येक बाजूस निदान वीतभर हवा, हे त्यानेच सांगायला हवे होते. पट्ट्या जोडून घेतल्यावर भर दुपारीही खोलीत काळोख राहू लागला आणि चार तासांची तुटक झोप सलग सहा तासांवर गेली. आवाज मात्र हे पडदे अडवत नाहीत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची आरोळी यांसाठी कानात बोळे घालावेच लागतात. एप्रिल-मेमध्ये खोली कोंदटते, तेव्हा पंखा पुरत नाही. पाळीच्या उत्तरार्धातला चहाही मी याच सुमारास सोडला, त्यामुळे सगळे श्रेय पडद्यांना देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.