तिसरी-चौथीला परकी भाषा: जपानी की जर्मन?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने 2019 साली मुलांनाच विचारलं, आणि त्यांनी रोबोटिक्सच्या ओढीनं जपानी निवडली. मलाही प्राथमिकसाठी तीच बरी वाटते. कारण रोबो मात्र नाही.

वाक्यरचना बघा. 'मी पाव खातो' म्हणजे 'वाताशी वा पान ओ ताबेमासु': कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि 'ओ' कर्माच्या मागे प्रत्ययासारखा चिकटलेला. मराठी पोराला इथं वाक्य उलटं करावं लागत नाही. हिरागाना या जपानीच्या मूळ लिपीची 46 अक्षरंही आपल्या बाराखडीसारखी स्वरांच्या क्रमानं, का-कि-कु-के-को अशी तालात म्हणवून घेता येतात. अडचण कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या शब्दचिन्हांची. जपानमध्येच प्राथमिकच्या सहा वर्षांत 1026 कांजी शिकवतात. आपण त्या वाटेला जाऊच नये.

जर्मनची लिपी पहिलीच्या इंग्रजीमुळे ओळखीची, हा मोठा फायदा. जर्मन भाषेत तीन लिंगं आहेत, पण त्याचं भय इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्यांना. आपल्याकडं तो-ती-ते आहेच. फक्त जुळतीलच असं नाही. चमचा तिकडंही 'तो', पण जेवणाचा काटा 'ती' आणि सुरी 'ते'! शिवाय इंग्रजीचे उच्चार अजून पक्के नसताना त्याच अक्षरांचे वेगळे उच्चार आले की आठ वर्षांचं पोर गोंधळणार.

शिक्षक खेड्यात दोन्हींचे दुर्मीळ, तेव्हा ऑनलाइन तासच. म्हणून चौथीपर्यंत जपानी, तीही गाणी-गप्पांपुरती, परीक्षा नको. जर्मन सहावीनंतर घ्या.