चतकोर रबर आणि साडेतीन हजारांचा कॅमेरा: याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, १४ महिन्यांनी

रविवारी सकाळी लिव्हर ओढला आणि टक् आला नाही.

ज्याच्याकडे इलेक्ट्रो आहे तो हे वाचून हातातला चहा खाली ठेवेल. बाकीच्यांसाठी सांगतो. या कॅमेऱ्यात फोटो काढून पुढची फ्रेम ओढली की आतली एक दांडी सुटून जागेवर येते, तिचा टक् असा आवाज होतो. त्या दांडीला टेकू म्हणून रबराचा एक तुकडा असतो, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराच्या चतकोराएवढा. पन्नास वर्षांत त्याचा भुगा होतो. मग टक् बंद पडतो, आणि तो बंद पडला की उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटेल तसं ते वागतं. परदेशी लोकांनी त्याला 'पॅड ऑफ डेथ' असं भारदस्त नाव दिलंय. आमच्या घरात त्याला 'तुझं ते रबर' म्हणतात.

बाकी वैशिष्ट्यं सगळ्यांना पाठ असतील, ती इथे लिहीत नाही. ४५ एमएमची १.७ लेन्स, १९७३ चं मॉडेल, वजन असं की गळ्यात घालून दिवसभर हिंडलं की संध्याकाळी मानेला बाम लावायचा.

आमच्या बडोद्यात, रावपुऱ्यातला एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथून १४ महिन्यांपूर्वी घेतला. मालक पाच हजार म्हणाले, मी तीन, साडेतीनवर तुटलं. कातड्याची केस फुकट मिळाली, तिला बुरशी होती, तीही फुकट. घरी आणून मागचं दार उघडलं तर प्रकाश अडवायला लावलेल्या फोमचं डांबर झालेलं. बोटाला, शर्टाला, आईच्या सतरंजीला लागलं. स्पिरिट आणि दातकोरणी घेऊन दोन संध्याकाळी खरवडत बसलो. तयार फोमचं पाकीट बाहेरून मागवलं तर सहाशे रुपये. आईच्या विणकामाच्या पिशवीत काळी लोकर होती. खाचेत ती दाबून बसवली, वर थेंबभर गोंद. ११ रोल झाले, अजून एकदाही प्रकाश आत शिरलेला नाही. खर्च शून्य. आईने विचारलं, "स्वेटर घालतोयस का त्याला?"

सेलचीही तीच कथा. मूळचा सेल ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा, तो आता निघत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टचा सेल आणि ॲडॅप्टर विकतात आणि ॲडॅप्टरचे कॅमेऱ्याच्या किमतीला शोभतील असे पैसे सांगतात. मी घड्याळवाल्याकडून १५ रुपयांना एक असे चार एलआर४४ बटणसेल घेतले, पोस्टकार्डाच्या कागदाची सुरळी करून एकावर एक रचले आणि उरलेल्या जागेत बॉलपेनची स्प्रिंग घातली. मागचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. तो क्षण मला अजून आठवतो. ०.४ व्होल्टच्या फरकाने मीटर चुकेल, असं मला तीन जणांनी बजावलं होतं. चुकलं नाही. जे चुकलं ते रबरामुळे, त्यावर येतोच.

वापराबद्दल. आपण ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, लावायचं; शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो. किती ठरवलं ते सांगत नाही. फक्त पिवळा दिवा म्हणजे हळू आहे, हात हलेल, आणि लाल म्हणजे उजेड जास्त झाला. बस्स. मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, तपासणी विभागात आहे, दिवसभर मायक्रोमीटरवर काम. आकडा न सांगणारं यंत्र मला खपत नाही. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात कॅमेऱ्याशी भांडत होतो, अरे पण किती? सेकंदाचा एकशेपंचवीसावा भाग की साठावा? सांग ना! म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की शिकण्यासाठी पहिला फिल्म कॅमेरा म्हणून हा घेऊ नका, सगळं हाताने लावायचा असलेला घ्या. हे मत पुढे थोडं बदललं.

थोडं आमच्या गावाचं. कॅमेऱ्याचं वेड बडोद्याला नवीन नाही. दादासाहेब फाळके सिनेमाच्या कितीतरी आधी इथल्या कलाभवनात शिकले आणि फोटोग्राफीच्या नादाला लागले. ॲग्फाचा क्लिक थ्री हा १२० नंबरच्या रुंद रोलवर चालणारा डबा कॅमेरा न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या इथल्याच कारखान्यात व्हायचा. आमच्या आजोबांकडे होता. त्याला सेल नाही, मीटर नाही, ढग की ऊन एवढंच विचारायचा. त्यात रबरही नव्हतं. आजोबांचे फोटो सगळे आले, हे आई मला अधूनमधून ऐकवते.

तर, मुंज.

चौथा रोल, भाच्याची मुंज, डांडिया बाजारातल्या घरी. मातृभोजन, बटूच्या डोक्यावरून उतरणारे केस, मंगलाष्टकांना उडालेल्या अक्षता, सगळं काढलं. ३६ पैकी ३५ फ्रेम मुंजीच्या, शेवटची सूरसागराच्या काठावर, रोल संपवायला म्हणून. रंगीत रोल होता, १०५० रुपयांचा. लॅबमध्ये धुवायला टाकला, स्कॅनसकट ४००. चार दिवसांनी स्कॅन आले. सगळ्यांवर पिठूर चांदणं पडलेलं. भटजींचं उपरणं आणि मागची भिंत एक झालेली, बटूला चेहराच नाही. मी तडक लॅबमध्ये. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कॅमेरा खराब आहे. मी म्हणालो, तुमचं केमिकल खराब आहे, निगेटिव्ह दाखवा.

कारण निगेटिव्ह खोटं बोलत नाही. त्यात सगळं उलटं, जास्त उजेड पडला तिथे काळं. फिल्मच्या कडेला कंपनीने आधीच छापलेले आकडे असतात. धुताना घोळ झाला असेल तर ते आकडेसुद्धा फुगतात. आकडे रेखीव आणि मधली चित्रं मात्र काळीठिक्कर, तर दोष कॅमेऱ्याचा. दोन मिनिटांत निकाल लागला असता.

"नेगेटिवनुं शुं काम छे, काका? स्कॅन तो मोकली आप्या."

फेकून दिल्या होत्या. मागितल्या नाहीत तर आठवडाभरात फेकतो, म्हणे. माझी फिल्म, माझे १४५० रुपये, माझ्या भाच्याची मुंज. मी ४३ वर्षांचा आहे, काका म्हणवून घ्यायची सवय झाली आहे, पण त्या दिवशी ते काका लागलं. अर्धा तास भांडलो. मालक आले, त्यांनी पुढच्या रोलला ५० रुपये सूट देऊ केली. मी सूट नाकारली. (दुसऱ्या दिवशी पस्तावलो.)

पाचवा रोल त्यांच्याकडेच टाकला, दुसरी लॅब लांब पडते. पावतीवर लाल पेनाने लिहून घेतलं: निगेटिव्ह परत. आल्या. सहा-सहाच्या पट्ट्या. खिडकीशी धरल्या. कडेचे आकडे सुईने कोरल्यासारखे. मधल्या फ्रेम कोळसा.

म्हणजे पोरगा बरोबर होता. दोष कॅमेऱ्याचाच होता, आणि माझाही, कारण मुंजीच्या आदल्या आठवड्यापासून टक् येत नव्हता आणि मला वाटलं कॅमेरा आता हाताला बसला, गुळगुळीत चालायला लागला. खूश झालो होतो मी! माफी मागायला गेलो नाही. निगेटिव्ह फेकल्या ते फेकल्याच.

अमदावादला एक चाचा आहेत, सत्तरीच्या पुढचे, जुने कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, कानाशी धरला, एकदा लिव्हर ओढला आणि तसाच खाली ठेवला. उघडूनही पाहिला नाही. "रबर गया." १८०० रुपये, आठ दिवस. रबर केवढ्याचं, असं मी विचारलं. हसले आणि म्हणाले, दोन रुपयांचं, उरलेले ते कुठे आहे हे माहीत असण्याचे. यावर मला काही बोलता आलं नाही. आमच्या कारखान्यातही हेच चालतं, फक्त तिथे बिल मी पाहत नाही.

दुरुस्त होऊन आला तो वेगळाच कॅमेरा. टक् असा की शेजारच्या खोलीत ऐकू यावा. रात्री सगळे झोपले की मी रिकामाच दोन-चारदा ओढायचो. बायको म्हणायची, "अहो, कुलूप लागलंय, झोपा आता."

लॅबच्या रागात मे महिन्यात ब्लॅक अँड व्हाइट घरी धुवायला सुरुवात केली. टाकी आणि डेव्हलपर, फिक्सर ही रसायनं मिळून २६०० गेले. तीनच रोल धुतलेत, त्यामुळे यात वाचवले काहीच नाहीत, हे कबूल. पुस्तकी तापमान २० अंश, आणि बडोद्यात मेमध्ये नळाचं पाणी ३२. बर्फाचे दोन्ही ट्रे बादलीत रिकामे, त्यात डेव्हलपरची बाटली उभी, मी थर्मामीटर धरून. २६ वर आलं, २३ वर आलं, आणि बाहेरून हाक, "पन्ह्याचा बर्फ कुठे गेला?" पाहुणे कोमट पन्हं पिऊन गेले. पण न्हाणीघराच्या दोरीवर चिमट्याने टांगलेली ओली फिल्म, तिच्यावर उलट्या रंगातली आपली माणसं, काळ्या दातांनी हसणारी… त्याला पर्याय नाही. लॅबचे ४०० वाचतात म्हणून सुरू केलं होतं, आता तसं म्हणवत नाही.

हिशोब ठेवलेला आहे. कॅमेरा ३५००, दुरुस्ती १८००, फिल्म ९४५० (पाच रंगीत, सहा ब्लॅक अँड व्हाइट), आठ रोलची धुलाई ३२००, घरची सामग्री २६००, सेल १८०. एकूण २०,७३०. अमदावादचं भाडं धरलेलं नाही, आत्याकडे जायचंच होतं. ११ रोलमधून बरे म्हणावेत असे फोटो ६१. म्हणजे एक बरा फोटो ३४० रुपयांना पडला. रंगीत रोल असेल तर एक बोट दाबायचे ४० रुपये. गरब्यात मुलीची मैत्रीण म्हणाली, "अंकल, अजून एक!" मी म्हणालो, मोबाइलवर काढूया.

आता त्या आकड्याच्या तक्रारीबद्दल. सातव्या-आठव्या रोलपासून माझ्या लक्षात आलं की मी उजेड बघून आधीच म्हणतोय, इथे पिवळा लागणार. आणि लागतो. तांबेकर वाड्यातल्या भिंतीवरची चित्रं काढताना दाराशी नाही, दोन पावलं आत गेल्यावर लागेल म्हटलं, तिथेच लागला. कॅमेरा आकडा सांगत नाही म्हणून मी उजेड मोजायला शिकलो, की बारा महिने हातात धरल्यावर कुठलाही कॅमेरा एवढं शिकवतो, मला ठरवता आलेलं नाही. पण 'घेऊ नका' हे मागे घेतो. घ्या, फक्त विकणाऱ्यासमोर कानाशी धरून दहा वेळा ओढा. आणि लेन्स, काच, बाहेरची चमक बघण्यात वेळ घालवू नका.

इथपर्यंत मंगळवारी लिहून ठेवलं होतं. रविवारी टक् आला नव्हता, म्हणून बुधवारी चाचांना फोन लावला. नऊ-दहा महिन्यांत रबर जायला नको, असं मी जरा आवाज चढवूनच म्हणालो. ते म्हणाले, पंखा बंद करके सुनो. मला अपमान वाटला. तपासणी विभागातल्या माणसाला हे सांगायचं? रात्री पंखा बंद केला, खिडकी लावली, ओढला. टक्. बारीक, पण टक्. पुन्हा ओढला, नाही. दहा वेळा करून वहीत मांडलं: सात वेळा आला, तीन वेळा नाही. मीटर सध्या बरोबर आहे, दिवे लागताहेत. चाचांना वहीतला आकडा सांगितला. त्यांचं म्हणणं, दहापैकी पाचवर आलं की घेऊन या, आत्ता उघडायचे पैसे कशाला घालवता. मी आवाज चढवला होता त्याबद्दल लाज वाटली. लॅबवाल्या मुलाची आठवण झाली, ती बाजूला सारली.

दोष म्हणून मग मांडायचं काय उरलं? वजन. फोकस ऐंशी सेंटिमीटरच्या आत येत नाही, म्हणजे ताटातली सेव-उसळ काढायची तर खुर्चीवर उभं राहा. चारशे आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, फिल्म घालून दुपारी बाहेर १.७ उघडलं की लाल. एवढंच, आणि ते सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांत थोडंफार असतंच.

त्या ६१ मधला एक सांगतो. जूनमधली संध्याकाळ, वीज गेलेली, आई ओसरीच्या दाराशी मेथी निवडत बसलेली. १.७ पूर्ण उघडं, पिवळा लागला, तरी दाबलं. चेहरा शांत, रेखीव, चष्म्याच्या काचेत अख्खं दार. हात मात्र हलले, बोटांच्या जागी नुसता धूर आणि त्या धुरातून परातीत पडणारी पानं. घरी धुतलेल्या रोलपैकी एक तो. आईला दाखवला.

"हात कुठे गेले माझे?"

"हलले गं. शटर हळू होतं."

"मग सांगायचं ना, थांबले असते."

फोटो फ्रिजच्या दारावर आहे. दुधाच्या हिशोबाचा कागद त्याच चुंबकाखाली असतो, त्यामुळे महिनाअखेरीला दिसतो, एरवी नाही.

कॅमेऱ्यात सध्या २२ वी फ्रेम. शनिवारी भाच्याचं स्नेहसंमेलन आहे आणि बहिणीने बजावून सांगितलंय की या वेळी मोबाइल आण. दोन्ही नेणार आहे. त्याआधी आज रात्री पंखा बंद करून पुन्हा दहा वेळा.