‘बेळगावचे काय ओ?’ एवढ्यावर सहा हजार सातशे गेले

मुंबईत फसलो हे सांगायला लाज वाटते. त्यातून वय पंचावन्न, स्वतःचं दुकान, रोज शंभर गिऱ्हाइकांशी बोलणं. लिहितोय ते एवढ्यासाठी की आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूरातून, खानापूर-निपाणीकडून पोरं मुलाखतींना, माणसं दवाखान्याला कायम मुंबईला जातात, आणि आम्हाला ज्यानं फसवलं त्यानं आमची जी नस पकडली ती आपल्या सगळ्यांची एकच आहे.

मुलीची मंगळवारी अंधेरीला मुलाखत होती. मी आणि बायको, दोघांनीही मुंबई पाहिलेली नव्हती. म्हटलं दोन दिवस आधी जाऊ, समुद्र बघू, गेटवेवरून घारापुरीला जाऊन येऊ. हिंदमाताजवळच्या एका लॉजवर मुलीनं फोन करून खोली सांगून ठेवली. रात्रभर प्रवास करून हुबळी-दादर गाडीनं रविवारी पहाटे दादरला उतरलो तेव्हा पावणेसहा वाजले असतील.

पुलावर आलो आणि डोकंच चालेना. रविवार असूनही एवढी माणसं! सगळी एका रोखानं धावणारी, आणि आम्ही मध्येच तीन बॅगा, एक पिशवी घेऊन उभे. पूर्वेला उतरायचं की पश्चिमेला एवढंच कुणाला तरी विचारायचं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बेळगावचे काय ओ?"

आता हा ‘ओ’ ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. पुण्या-मुंबईच्या मराठीत असा ‘ओ’ नाही. मी वळून पाहिलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात चहाचा कागदी कप. म्हणाला, "मी निपाणीचा. वीस वर्षं झाली इकडं. आपल्याकडचं माणूस दिसलं की राहवत नाही बघा." वडील तंबाखूच्या वखारीत होते म्हणाला. बहीण वडगावात दिलीय म्हणाला. वर हसून, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह..." आणि पुढचं मीच पुरं केलं.

झालं, माझा जीव भांड्यात पडला. आमची पिढी १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळत मोठी झाली. बापानं १९५६ पासूनच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही मोर्चे पाहिले, २००४ पासून सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. घरी पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून वाद बघितलेला माणूस मुंबईत उतरतो तेव्हा त्याला वाटतं, आता आपण आपल्या घरी आलो. त्या माणसाला हे पुरतं ठाऊक होतं.

आम्ही बेळगावचे हे त्याला कसं कळलं, हा प्रश्न त्या वेळी मला पडलाच नाही. उत्तर बायकोच्या हातात लोंबत होतं. साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यावर वर कन्नडात आणि खाली मराठीत दुकानाचं नाव, त्याखाली ठळक ‘खडेबाजार, बेळगाव’.

त्यानं लॉजचं नाव विचारलं. ऐकून तोंड वाकडं केलं. "अरेरे, तिथं पाण्याचा घोळ चाललाय. थांबा, मॅनेजर ओळखीचा आहे, विचारून सांगतो." फोन कानाला लावला. "हां, बेळगावची पार्टी... काय म्हणता? दिली खोली? असं कसं ओ?" हे बोलणं चालू असतानाच त्याचा फोन वाजला. कानाला लावलेलाच फोन, आणि त्याची रिंग वाजली! त्यानं अंगठ्यानं ती कापली आणि तसाच बोलत राहिला. मुलीनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मी तिच्यावरच डोळे वटारले. परगावात आपला माणूस मदत करतोय आणि हिचा संशय! ते डोळे वटारणं अजून मला टोचतं.

मग त्यानंच टॅक्सी आणली. काळी-पिवळीच, मीटर असलेली, खरं मीटरवर ड्रायव्हरनं नॅपकिन टाकलेला. मी विचारलं तर म्हणे पहाटेचा डबल रेट असतो, मीटरचं काही खरं नाही. कुर्ल्यात एका लॉजसमोर उतरवलं आणि सातशे घेतले. हिशोब नंतर समजला. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढं किलोमीटरला २०.६६. म्हणजे तेवढ्या अंतराचे दीडशेच्या आसपास व्हायला हवे होते. डबल रेट नावाचं काही नसतंच. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट असतो, आणि आम्ही बसलो तेव्हा सहा वाजायला आले होते. मीटरवर फडकं दिसलं की बसायचंच नाही, खाली उतरून दुसरी बघायची. रिक्षा स्वस्त पडते, कमीत कमी २६ रुपये, खरं ती पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायनच्या पुढं शहरात येत नाही. दादरला उतरून रिक्षा शोधणारा माणूस नवखा, हे लांबूनच ओळखतात.

लॉजवर दिवसाला चोवीसशे, दोन दिवसांचे आगाऊ. खोलीला खिडकी होती, खिडकीबाहेर भिंत होती. हा माणूस काही हलेना. बायकोनं त्याला चहा दिला. आणि मुंबईच्या चुलतभावासाठी आणलेला अर्धा किलो कुंदा होता, तो बॉक्सच त्याच्या हातात ठेवला, बहिणीच्या गावचं म्हणून. बाकी पैशांचं ती विसरली असेल, कुंद्याचं विसरलेली नाही.

चहा पिता पिता त्यानं उद्याचा बेत आखून दिला. सकाळी आठला गाडी लॉजखाली, दिवसभर मुंबई दर्शन, मध्ये गेटवेवरून घारापुरीची बोट, तिघांचे मिळून छत्तीसशे. "बोटीला रांग लय असते, तिकिटं मीच काढून देतो." फोनवरचा कोड दाखवला, मी पैसे पाठवले. पाठवताना पडद्यावर नाव आलं ते कुठल्या तरी मोबाईलच्या दुकानाचं होतं. मुलगी म्हणाली, नाव वेगळं दिसतंय. तो म्हणाला, मेहुण्याचं दुकान आहे. मी म्हटलं, पाठव गं. खिशातून छापील पावती काढून त्यानं त्यावर आमचं नाव, उद्याची तारीख आणि ‘बोट ३’ असं लिहून दिलं.

सोमवारी साडेसात ते साडेनऊ आम्ही लॉजच्या पायरीवर उभे. त्याचा फोन बंद. लॉजवाला म्हणाला, आम्ही त्याला ओळखत नाही, गिऱ्हाईक आणतो, कमिशन घेतो, जातो.

मग आमचे आम्हीच निघालो. कुर्ल्याहून हार्बरची लोकल धरून सीएसएमटी, तिथून टॅक्सी. हा ड्रायव्हर हिंदी बोलणारा. न सांगता मीटर टाकलं, गेटवेला पन्नासच्या आत झाले, शंभराच्या नोटेतून सुटे रुपयेसुद्धा मोजून परत दिले. आमच्या गप्पा काही जमल्या नाहीत, त्याची मराठी आणि माझी हिंदी सारखीच.

बोटीच्या तिकीट खिडकीवर पावती दाखवली. आतल्या माणसानं ती उलटीसुलटी केली आणि परत सरकवली. "ही आमची नाही. आणि काका, आज सोमवार आहे. सोमवारी लेणी बंद असतात."

त्यानं आम्हाला बंद दिवसाची तिकिटं विकली होती! म्हणजे नीट फसवण्याचीही तसदी घेतली नव्हती. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली जागा, तिचा सुट्टीचा वार मला ठाऊक नसावा, यात माझीही चूक आहेच. तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा आणि तिकीट खिडकीवरच काढा.

तिथंच कठड्याला टेकून मुलीनं आमच्या मूळच्या लॉजला फोन लावला. ते म्हणाले, अहो, काल रात्री नऊपर्यंत खोली राखून ठेवली होती, तुम्ही आला नाहीत, आम्हाला कुणाचाही फोन नाही. मी मुलीकडे बघितलंच नाही, समुद्राकडे बघत राहिलो. समुद्र मात्र छान होता.

तिनंच १९३० ला फोन लावला. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार त्या नंबरवर घेतात. तिकडून व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, कुठल्या खात्यावर, असं सगळं विचारलं आणि तक्रारीचा नंबर दिला. मात्र पैसे जाऊन तोवर सव्वीस-सत्तावीस तास झाले होते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, उशीर झाला की ते निघून गेलेले असतात. आमचे अजून आलेले नाहीत. टॅक्सीचे सातशे रोख दिलेले, त्यांचं तर नावच नको. कुर्ल्याच्या लॉजवाल्यानं दुसऱ्या दिवसाचे चोवीसशे परत द्यायला नकार दिला. सातशे, छत्तीसशे, चोवीसशे. बेरीज वर शीर्षकात आहेच.

सोमवारी संध्याकाळी सामान घेऊन हिंदमाताच्या लॉजवर गेलो. गल्ल्यावरचा माणूस उडुपीकडचा. माझं मराठी ऐकलं, आधार कार्डावरचा पत्ता बघितला आणि सरळ कन्नडात सुरू झाला. मीही कन्नडातच सगळं सांगितलं. बेळगावात दुकानात रोज बोलतो तेच कन्नड, मुंबईत एवढं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. त्यानं खोली दिली, बाराशेची. आणि कागदावर मुलीला सकाळचा रस्ता काढून दिला. दादरला फलाट १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. २०२३ च्या डिसेंबरात नंबर बदललेत, त्यामुळं जुन्या माणसानं सांगितलेला मध्यचा फलाट चुकू शकतो. अंधेरीला पश्चिमेची गाडी. खरं विरार लोकलमध्ये चढायचं नाही, अंधेरी किंवा बोरिवलीच धरायची. विरारच्या गर्दीतून मधल्या स्टेशनावर उतरूच देत नाहीत. महिलांच्या डब्याची खूण बघून फलाटावर आधीच तिथं उभं राहायचं. मुलगी वेळेवर पोचली.

रात्री पडल्या पडल्या मी त्या माणसाचं एकेक वाक्य आठवत बसलो. निपाणीत कुठं, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला होता, बस स्टँडच्या मागं. बस स्टँड कुठल्या गावाला नसतं? बहीण वडगावात म्हणाला, गल्ली सांगितली नाही, मीही विचारली नाही. आपल्याकडं दोन वडगावकर भेटले तर पहिल्या मिनिटात गल्ली निघते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, एवढा वेळ बोलला, एकदाही ‘खरं’ म्हणाला नाही. ‘पण’, ‘पण’ करत होता. आमच्याकडचा माणूस ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो, वीस वर्षं मुंबईत काढली तरी चिडल्यावर तरी म्हणतोच. त्यानं फक्त ‘ओ’ पाठ केलेला होता.

हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, हे आता कळून काय उपयोग.

घरी आल्यावर तिनं ती साडीच्या दुकानाची पिशवी उसवली, छापील बाजू आत घेऊन पुन्हा शिवली. गेल्या महिन्यात मुलगी नोकरीवर हजर व्हायला गेली ती तीच घेऊन. आत दोन किलो कुंदा होता.