सोलची जाडी मोजून स्पाइक्स देणारं साताऱ्यातलं दुकान

मी माण तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. पोरांचे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले पळायचे बूट, याच दुकानातून घेतो. गल्ल्यावरचे काका किंमत सांगायच्या आधी विचारतात, "पळतंय कुठं, ट्रॅकवर का रोडला? किती मीटर?"

यंदा पंधराशे मीटर पळणाऱ्या एका मुलीला जाड सोलचे स्पाइक्स आवडले. किंमत जवळपास निम्म्यावर आलेली. काकांनी स्वतःच ते बाजूला ठेवले. "सर, हा जुना माल, पंचवीसचा. आता वीसच्या वर चालत नाही." आठशे आणि त्यापुढच्या ट्रॅक शर्यतींना आधी 25 मिलिमीटर सोल चालायचा, 1 नोव्हेंबर 2024 पासून सगळ्यांना 20. मग कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) काढून त्यांनी तिला दाखवलं की बाहेर दिसणारी फोमची कड मोजायची नसते. आतल्या इनसोलसकट, टाच टेकते तिथली आणि चवड्याखालची जाडी धरतात.

जाडीला मर्यादा हवीच, याबद्दल माझं दुमत नाही. नाहीतर ज्याच्या घरी वीस हजारांचे बूट परवडतात त्याचीच वेळ सुधारत राहणार. पण आधी 25 ला परवानगी द्यायची आणि मग 20 वर आणायचं, याचा भुर्दंड पडतो तो पोरांना. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, हा बदल 2021 च्या अखेरीसच जाहीर केला होता, कंपन्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. म्हसवडच्या पोराला कोण सांगणार? बापाने बोकड विकून घेतलेले स्पाइक्स कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंची तपासणी होते तिथे, नाकारले, तर त्या पोराने अनवाणी पळायचं का? धावपटू ललिता बाबर याच तालुक्यातून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. इथली पोरं कमी पडत नाहीत, त्यांच्यापर्यंत नियम पोचत नाही. तो हे दुकान पोचवतं, म्हणून पाच तारे.

2021 ला व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला इथिओपियाचा देरारा हुरिसा पाच सेंटिमीटरच्या सोलमुळे बाद झाला. रोडची मर्यादा चार. ही हकिकत काका प्रत्येक पोराला सांगतात, गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

मुलींच्या लहान मापाचे स्पाइक्स मात्र सहसा शिल्लक नसतात, आधी फोन करून मागवून ठेवावे लागतात. जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर गेलात तर मिळणार नाहीत.